भाषाशंका : पाठीशी उभे राहायचे, पण इंग्रजीत कसे?

प्रश्न : मी एका खासगी कार्यालयात काम करते. गेल्या महिन्यात आमच्या विभागातील एका मैत्रिणीवर बैठकीत विनाकारण टीका झाली. तिला धीर द्यावा म्हणून मी त्याच संध्याकाळी तिला इंग्रजीत संदेश पाठवला, ‘डोन्ट वरी, आय ॲम ऑलवेज बिहाइंड युअर बॅक.’ काळजी करू नकोस, मी कायम तुझ्या पाठीशी आहे, असे मला म्हणायचे होते. तिचे उत्तर आले, ‘आय होप नॉट!’ आणि पुढे हसण्याचे चिन्ह. दुसऱ्या एका सहकाऱ्याने नंतर सांगितले की ‘आय हॅव गॉट युअर बॅक’ असे लिहायला हवे होते. ‘मला तुझी पाठ मिळाली आहे’ अशा वाक्यातून पाठिंबा कसा काय व्यक्त होतो? आणि हे वाक्य कोणालाही, कोणत्याही प्रसंगी लिहिता येते का? वरिष्ठांना लिहिले तर चालेल का?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याने सुचवलेले वाक्य बरोबर आहे. तुमच्या वाक्याचा मात्र एका शब्दाने घात केला. ‘बिहाइंड समवन्स बॅक’ याचा इंग्रजीतील रूढ अर्थ ‘एखाद्याच्या अपरोक्ष, त्याला कळू न देता’ असा आहे आणि हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा चहाडी, कारस्थान किंवा फसवणूक यांच्याच संगतीत आढळतो. ‘दे लाफ ॲट हिम बिहाइंड हिज बॅक’ म्हणजे तो समोर नसताना ते त्याला हसतात. अशा भाषेत ‘मी कायम तुझ्या पाठीमागे कारवाया करत असते’ असा भास होणारे आश्वासन मिळाल्यावर ‘तसे नसावे अशी आशा आहे’ हे उत्तर येणे साहजिक होते. मैत्रिणीला तुमचा हेतू कळला होता, म्हणून प्रकरण हसण्यावर निभावले. याच वाक्यातून ‘युअर बॅक’ काढून त्या जागी ‘यू’ लिहिले असते, तर ‘आय ॲम ऑलवेज बिहाइंड यू’ हे वाक्य निर्दोष ठरले असते आणि तुम्हाला हवा होता तोच अर्थ देऊन गेले असते.

मराठी माणसाच्या हातून ही चूक फार सहज होते, कारण आपल्याकडे पाठीचे वाक्प्रचार उदंड आहेत आणि त्यांतील बरे-वाईट आपण लहानपणापासून न शिकताच ओळखतो. पाठीशी उभे राहणे वेगळे, पाठीस लागणे वेगळे. पाठ थोपटणे वेगळे आणि पाठ फिरवणे अगदीच वेगळे. इंग्रजीतही पाठीभोवती असाच गोतावळा जमलेला आहे, परंतु त्यातील नाती आपल्या नात्यांशी दर वेळी जुळत नाहीत. ‘ही इज ऑन माय बॅक’ हे वाक्य ‘तो माझ्या पाठीशी आहे’ असे वाटते, प्रत्यक्षात ‘त्याने माझ्यामागे सारखा लकडा लावला आहे’ अशी ती तक्रार असते आणि ‘गेट ऑफ माय बॅक’ म्हणजे ‘माझा पिच्छा सोड’. ‘इट गॉट माय बॅक अप’ म्हणजे त्या गोष्टीने माझे डोके फिरले; पाठिंब्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘वॉच युअर बॅक’ हा सावधगिरीचा इशारा आहे आणि बोलणाऱ्याचा सूर जरा वेगळा असला की ती धमकीही होते.

आता तुमच्या ‘गॉट’विषयी. येथे ‘गॉट’ म्हणजे ‘मिळाले’ नव्हे. बोलीतील इंग्रजीत ‘हॅव गॉट’ हे साध्या ‘हॅव’च्या जागी येते, ‘आय हॅव अ कार’ आणि ‘आय हॅव गॉट अ कार’ यांत अर्थाचा फरक नाही. तेव्हा ‘तुझी पाठ माझ्याकडे आहे’ एवढाच या वाक्याचा शब्दार्थ, आणि ‘माझ्याकडे आहे’ म्हणजे ‘तिची राखण माझ्याकडे लागली’ असे समजायचे. ‘पाठराखण’ या आपल्या शब्दात नेमके हेच चित्र आहे. माणसाला समोरचे दिसते, दोन्ही बाजूंचे थोडेफार दिसते, पाठीमागचे मात्र दिसत नाही. म्हणून ज्या बाजूने वार आला तर त्याला कळणारही नाही, ती बाजू दुसऱ्या कोणीतरी सांभाळायची. लढाऊ विमानांच्या वैमानिकांमध्ये दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगण्याची पद्धत आहे, त्यात नाकासमोरची दिशा 12 आणि थेट पाठीमागची दिशा 6. त्यावरून ‘आय हॅव गॉट युअर सिक्स’ असाही शब्दप्रयोग सैनिकी बोलीत आहे आणि त्याचा अर्थ तुमच्या वाक्याहून वेगळा नाही.

हा वाक्प्रचार अमेरिकन बोलीतला आहे आणि तो जगभर पसरला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे घरातल्या जुन्या शब्दकोशात तो सापडला नाही तर नवल वाटून घेऊ नये. त्याची रचना ठरलेली आहे. मध्ये नेहमी कोणाची तरी मालकी लागते, म्हणजे ‘माय’, ‘युअर’, ‘हर’ किंवा ‘द टीम्स’. ‘आय हॅव बॅक ऑफ यू’ असे कोणी म्हणत नाही. ‘आय ॲम हॅविंग युअर बॅक’ हेही अशुद्ध आहे, कारण या अर्थाच्या ‘हॅव’ला चालू काळ सोसत नाही. भूतकाळात ‘शी हॅड माय बॅक’ आणि भविष्यकाळात ‘आय विल हॅव युअर बॅक’ असे लिहावे; या दोन्ही ठिकाणी ‘गॉट’ गळून पडते, हे लक्षात ठेवलेले बरे. ‘आय गॉट युअर बॅक’ असे ‘हॅव’ गाळलेले रूप संवादांतून सतत कानी पडते. बोलताना ते खपते, लिहिताना टाळावे. आणखी एक सूचना, थोडी संकोचाने: आपल्याकडे इंग्रजी बोलताना मागच्या बाजूसाठी ‘बॅकसाइड’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो या वाक्यात कोणत्याही परिस्थितीत आणू नये, कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला त्यातून शरीराचा बसण्याचा भाग ऐकू येतो.

कोणत्या प्रसंगी वापरावे, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. माझ्या मते या वाक्प्रचाराची एक अट आहे, जी शब्दकोशातील अर्थात लिहिलेली नसते. पाठ राखायची तर वाराची शक्यता असावी लागते. टीका होणार आहे, आरोप येणार आहे, कोणी अडचणीत आणू पाहत आहे किंवा निदान धोका पत्करून काही करायचे आहे, अशा वेळी ‘आय हॅव गॉट युअर बॅक’ शोभते. तुमच्या मैत्रिणीचा प्रसंग तसाच होता, त्यामुळे तिला ते वाक्य चपखल बसले असते. पण जिच्या घरी मृत्यू झाला आहे तिला हेच वाक्य लिहिले तर ते विचित्र वाटेल, कारण दुःखात प्रतिपक्ष नसतो आणि पाठीवर कोणी वार करणार नसते. तेथे ‘आय ॲम हिअर फॉर यू’ असे साधे लिहावे. आजारी माणसालाही तेच. काही काम करून देण्याची तयारी असेल तर ते काम कोणते, हे सरळ लिहावे, म्हणजे ‘कळव काही लागले तर’ या मोघम वाक्याचे ओझे आजाऱ्यावर पडत नाही.

वरिष्ठांना हे वाक्य लिहू नये, असे मी सुचवेन. त्यात अनौपचारिकता तर आहेच, शिवाय संरक्षण देणाऱ्याचा किंचित वडीलकीचा सूरही आहे. विभागप्रमुखाने नव्या कर्मचाऱ्याला ‘आय हॅव गॉट युअर बॅक’ म्हणणे स्वाभाविक वाटते, नव्या कर्मचाऱ्याने विभागप्रमुखाला म्हणणे आगाऊपणाचे वाटू शकते. ‘यू हॅव माय फुल सपोर्ट’ हे त्याहून औपचारिक असले तरी तेही बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाने म्हणावे असे वाक्य आहे. वरिष्ठांना लिहिताना व्यक्तीऐवजी विषयाला पाठिंबा द्यावा, हा सोपा मार्ग: ‘आय फुली सपोर्ट द प्रपोजल’, आणि त्यापुढे आपण नेमके काय करणार ते एका वाक्यात.

‘सपोर्ट’वरून आठवले. ‘आय सपोर्ट टू यू’ किंवा ‘प्लीज सपोर्ट टू मी’ ही वाक्ये मराठी भाषकांच्या लेखनात वारंवार दिसतात. ‘मला पाठिंबा द्या’ यातील ‘ला’ प्रत्यय इंग्रजीत ‘टू’ होऊन उतरतो, त्याचा हा परिणाम आहे. क्रियापद म्हणून वापरताना ‘सपोर्ट’ थेट कर्म घेते: ‘प्लीज सपोर्ट मी.’ नाम म्हणून वापरले तर ‘सपोर्ट फॉर’ येते, जसे ‘देअर इज ग्रोइंग सपोर्ट फॉर द प्लॅन’. ‘टू’ येतो तो ‘गिव्ह’मुळे; ‘दे गेव्ह ग्रेट सपोर्ट टू द फॅमिली’ हे म्हणूनच शुद्ध आहे.

‘बिहाइंड’चाही एक खाचखळगा सांगून पुढे जातो. माणूस ‘बिहाइंड मी’ असेल तर तो पाठीशी असतो, परंतु संकट, आजार किंवा परीक्षा ‘बिहाइंड मी’ असेल तर ती मागे पडलेली, संपलेली असते. ‘द वर्स्ट इज बिहाइंड अस’ म्हणजे वाईट काळ सरला. ‘थोरांचे आशीर्वाद माझ्या पाठीशी आहेत’ हे वाक्य ‘देअर ब्लेसिंग्स आर बिहाइंड मी’ असे लिहिले, तर आशीर्वाद मागे राहिले की काय, असा संशय येतो. तेथे ‘विथ मी’ लिहावे.

प्रश्न : माझा मित्र महत्त्वाच्या मुलाखतीसाठी निघाला आहे. त्याला शुभेच्छा देताना ‘आय हॅव गॉट युअर बॅक’, ‘आय ॲम इन युअर कॉर्नर’ आणि ‘आय ॲम रूटिंग फॉर यू’ यांपैकी काय लिहावे? शब्दकोशात तिन्हींचा अर्थ ‘पाठिंबा देणे’ असाच दिला आहे.

उत्तर : शब्दकोशाने दिलेला अर्थ चुकीचा नाही, पण तो फार ढोबळ आहे. तिन्ही वाक्यांत बोलणारा माणूस वेगवेगळ्या ठिकाणी उभा आहे आणि तो कोठे उभा आहे यावरच निवड ठरते.

‘इन युअर कॉर्नर’ हे मुष्टियुद्धाच्या रिंगणातून आलेले आहे. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली आणि फेरी चालू असताना दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सोबत्यांपैकी कोणीही रिंगणात असता कामा नये, असेही त्यात घातले. म्हणजे कोपऱ्यातल्या माणसांना जे काही करायचे ते त्या एका मिनिटात: घाम पुसायचा, पाणी द्यायचे, जखमेवर उपचार करायचे, समोरच्याचा डावा हात कोठे उघडा पडतो ते कानात सांगायचे, आणि घंटा झाली की बाहेर व्हायचे. ठोसे खायचे ते लढणाऱ्यानेच. या शब्दप्रयोगाचा बाज त्यामुळे वेगळा आहे. लढत तुझी आहे, ती मी लढू शकत नाही, पण माझी सगळी मदत तुझ्याच बाजूला आहे, असे त्यातून ध्वनित होते. तुम्ही मित्राची मुलाखतीची तयारी करून घेतली असेल, त्याला उलटसुलट प्रश्न विचारून तालीम दिली असेल, तर ‘आय ॲम इन युअर कॉर्नर’ अगदी योग्य आहे. अव्यय मात्र ‘इन’च हवे, ‘ॲट युअर कॉर्नर’ लिहिले तर तुम्ही त्याच्या रस्त्याच्या वळणावर उभे आहात असे होईल. ‘कॉर्नर’ क्रियापद म्हणून आले की चित्र पालटते: ‘शी वॉज कॉर्नर्ड’ म्हणजे तिला कोंडीत पकडले.

‘रूटिंग फॉर यू’ म्हणणारा रिंगणाच्या जवळपासही नसतो. तो प्रेक्षकांत बसलेला असतो आणि तुमच्या नावाने आरोळ्या ठोकत असतो. तयारीत काही वाटा नसेल, पण मनापासून यश चिंतायचे असेल, तर हे वाक्य सर्वांत प्रामाणिक. हा अमेरिकन शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलच्या मैदानांवर रूढ झाला. मित्र ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये असेल तर जपून, कारण तेथील बोलीत ‘रूट’ या क्रियापदाला अश्लील अर्थ आहे. ऑस्ट्रेलियात आपल्या संघासाठी ओरडण्याला ‘बॅरक फॉर’ म्हणतात. आणि गंमत अशी की तोच ‘बॅरक’ ब्रिटनमध्ये ‘हुर्यो उडवणे’ या अर्थाने वापरतात. एकच शब्द एका देशात प्रोत्साहन आणि दुसऱ्या देशात अपमान होतो म्हटल्यावर परक्या वाक्प्रचारांशी थोडे अंतर राखून वागणे शहाणपणाचे ठरते.

‘आय हॅव गॉट युअर बॅक’ या प्रसंगी मी लिहिणार नाही. मुलाखतीच्या खोलीत तुम्ही त्याच्या पाठीशी असणार नाही आणि तेथे कोणी त्याच्यावर हल्लाही करणार नाही. त्याची शिफारस करण्याची वेळ आली, तुम्ही स्वतःचा शब्द खर्च करून कोणाकडे त्याच्यासाठी बोललात, तर त्यासाठी चौथा शब्दप्रयोग आहे: ‘गो टू बॅट फॉर समवन’. हाही बेसबॉलमधला, ब्रिटिश इंग्रजीत तो ‘गो इन टू बॅट फॉर’ असा क्रिकेटच्या वेशात भेटतो. ‘माय ओल्ड बॉस वेंट टू बॅट फॉर मी’ म्हणजे माझे पूर्वीचे वरिष्ठ माझ्यासाठी पुढे झाले, त्यांनी माझी बाजू लढवली. हे सहसा काम झाल्यानंतर, कृतज्ञतेने, दुसऱ्याविषयी सांगायचे असते. स्वतःच ‘मी तुझ्यासाठी बॅटिंग करतो’ असे जाहीर करण्यात उपकार आधी मोजून दाखवल्यासारखे होते.

प्रश्न : ‘स्टँड अप फॉर’, ‘स्टँड अप टू’ आणि ‘स्टँड बाय’ यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : ‘फॉर’ असेल तर बाजू घेणे, ‘टू’ असेल तर समोर ठाकणे. ‘शी स्टुड अप फॉर हर ब्रदर’ म्हणजे ती भावाच्या बाजूने उभी राहिली; ‘शी स्टुड अप टू हर ब्रदर’ म्हणजे तिने भावाची दादागिरी चालू दिली नाही. ‘स्टँड बाय’चा घोळ खरोखर अवघड आहे, कारण त्याला दोन विरुद्ध अर्थ आहेत. पुढे माणूस आला की निष्ठा: ‘ही स्टुड बाय हिज फ्रेंड’, सगळे पांगले तरी त्याने मित्राची साथ सोडली नाही. पुढे माणूस नसेल आणि ‘अँड वॉच्ड’ किंवा ‘अँड डिड नथिंग’ असे काही आले, तर नुसते हातावर हात ठेवून पाहत राहणे. ‘आय कॅन्ट स्टँड बाय अँड वॉच’ हे म्हणूनच मदतीचे वाक्य आहे. त्यातून ‘बाय’ निसटला आणि पुढे नाव आले, म्हणजे ‘आय कॅन्ट स्टँड हिम’ झाले, तर ‘मला तो डोळ्यांसमोर नको’ असा अर्थ होतो. घाईत टंकलेले संदेश पाठवण्यापूर्वी एकदा वाचावेत.

प्रश्न : माझ्या हाताखालचा एक तरुण सहकारी चुका करतो आणि मी त्या निस्तरत राहावे अशी अपेक्षा ठेवतो. मी नकार दिला तेव्हा तो म्हणाला, ‘आय थॉट यू हॅड माय बॅक.’ पाठीशी उभे राहणे म्हणजे चुका झाकणे, असा या वाक्प्रचाराचा अर्थ होतो का?

उत्तर : होत नाही, परंतु तो तसा ओढून नेणारे लोक इंग्रजीतही पुष्कळ आहेत. मराठीने ही सीमारेषा फार चांगली आखली आहे: पाठीशी उभे राहणे ही साथ, आणि पाठीशी घालणे ही लपवाछपवी. एकदा ‘घालणे’ म्हटले की समोरचा दोषी आहे, हे गृहीतच धरले जाते. इंग्रजीत ‘हॅव समवन्स बॅक’ या एकाच शब्दप्रयोगावर दोन्ही भार पडू शकतात आणि तुमच्या सहकाऱ्याने नेमकी तीच फट शोधली आहे. त्याच्या बोलण्यातील भूतकाळही पाहण्यासारखा आहे. ‘तुम्ही पाठीशी आहात असे मला वाटले होते’ म्हणजे तुम्ही दिलेला शब्द मोडला, असा ठपका त्याने विनंतीच्या आवरणात ठेवला आहे.

पाठीशी घालणे या अर्थाच्या जवळ जाणारे इंग्रजी क्रियापद ‘कव्हर फॉर’ हे आहे. ‘ही कव्हर्ड फॉर हिज फ्रेंड’ म्हणजे मित्र कामावर नव्हता हे त्याने कळू दिले नाही, वेळ मारून नेली. मात्र त्याच शब्दांचा दुसरा अर्थ पूर्णपणे निर्दोष आहे: कोणी रजेवर असताना त्याचे काम सांभाळणे. ‘कॅन यू कव्हर फॉर मी ऑन मंडे?’ असे कोणी विचारले तर लगेच संशय घेऊ नये. बहुधा त्याला सुट्टी हवी असते. ‘कव्हर अप’ आले की संशयाला जागा आहे, कारण तेथे गैरप्रकार दडवण्याचाच अर्थ असतो.

सहकाऱ्याला उत्तर द्यायचे असेल तर वाक्प्रचाराच्या अर्थावर वाद घालण्यात मला फायदा दिसत नाही. कशात साथ आहे आणि कशात नाही, ते साध्या क्रियापदांनी सांगावे. ‘आय विल हेल्प यू फिक्स इट, अँड आय विल स्टँड बाय यू व्हेन यू टेल देम. आय वोन्ट हाइड इट.’ चूक दुरुस्त करायला मदत करीन, तू ती कबूल करशील तेव्हा सोबत उभा राहीन, लपवणार मात्र नाही. लेखी कळवायचे असेल तर पहिले वाक्य मदतीचेच ठेवावे आणि नकार शेवटी घ्यावा. क्रम उलटा झाला तर तो पहिल्या वाक्यापुढे वाचणार नाही.